हुकमाची मेंढी आणि अभेद्य पानं

मेंढीकोटात दश्शीला मेंढी म्हणतात आणि सगळा डाव चार मेंढ्यांभोवती फिरतो. बुलढाणा जिल्ह्यात एप्रिल-मेच्या दुपारी शेतातली कामं थांबलेली असतात. मलकापूर काय नि मेहकर काय, ओसरीवर किंवा लिंबाच्या सावलीत चौघं जमली की पत्ते पिसले जातात. समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे भिडू. ५२ पानं, प्रत्येकाला १३. ज्या जोडीकडे तीन किंवा चार मेंढ्या गेल्या तिनं डाव मारला. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे सात किंवा जास्त हात झाले ते जिंकले. चारही मेंढ्या नेल्या की मेंढीकोट, आणि तेराच्या तेरा हात एकाच जोडीनं ओढले तर बावनी.

मेंढीची अडचण अशी की ती मोलाची असली तरी जोरदार नाही. तिच्याच रंगात एक्का, राजा, राणी आणि गुलाम असे चौघं तिच्यावर वरचढ आहेत. त्यामुळे मेंढीकोटातलं बरंचसं डोकं तिला सांभाळण्यात खर्ची पडतं. भिडूचा एक्का पडला की त्यावर आपली मेंढी टाकायची, हा लहान पोरांनाही शिकवला जाणारा पहिला उपाय. तो चांगला आहे, पण पुरा नाही. शेवटी बसलेल्या खेळाडूकडे त्या रंगाचं पानच नसेल, तर तो हुकमाची दुर्री टाकून एक्का कापतो आणि एक्क्यासोबत मेंढीही घेऊन जातो.

दुसरा उपाय म्हणजे मेंढीच हुकमाची असणं. समजा, बदाम हुकूम आहे. आता बदामाची मेंढी इस्पिक, किलवर आणि चौकट या तीन रंगांच्या मिळून ३९ पानांपासून पूर्ण सुरक्षित झाली. इस्पिकचा एक्कासुद्धा तिला नेऊ शकत नाही. धोका उरला तो तिच्याच रंगातल्या चार पानांचा. एवढं भक्कम संरक्षण दुसऱ्या कुठल्या मेंढीला नाही. तरीही हातात हुकमाची मेंढी असणं ही एक गोष्ट आणि ती हवी तेव्हा टाकता येणं ही वेगळी गोष्ट. समोरून चौकट आली आणि तुमच्या हातात चौकटची एक तिर्री आहे. मग तिर्रीच टाकावी लागते. आलेला रंग पाळायचा, हा या खेळाचा मूळ नियम. हुकूम हा त्याला दिलेला अपवाद आहे, आणि तो अपवाद उघडतो तो हातातला रंग संपल्यावरच.

बंद हुकमाच्या डावात हे फार स्पष्ट दिसतं. एक खेळाडू आपल्या हातातलं एक पान पालथं घालून ठेवतो. त्याचा रंग तोच हुकूम, पण तो अजून कुणाला दाखवलेला नसतो. ज्याच्याकडे आलेल्या रंगाचं पान नाही, तो हुकूम उघडायला सांगू शकतो. अशा वेळी ओसरीवर जे बोलणं होतं ते साधारण असं असतं:

"भाऊ, हुकूम खोल."

"खोलतो बाप्पा, पर तुयाजवळ किलवर नाही ना?"

"एकबी नाही."

हा प्रश्न भांडखोरपणाचा नाही. अपवाद वापरणाऱ्यानं अट पुरी केली आहे की नाही, हे सगळ्यांसमोर एकदा पडताळून घेण्याची ती रीत आहे. पुढं त्याच खेळाडूच्या हातातून किलवरचं पान निघालं, तर तो कापलेला हात कुणीही मान्य करत नाही.

कट हुकमात वेळेचा भाग येतो. तिथं सुरुवातीला हुकूमच नसतो. ज्याच्याकडे आलेल्या रंगाचं पान पहिल्यांदा संपलं, त्यानं टाकलेल्या पानाचा रंग तिथून पुढं हुकूम होतो. तिसऱ्या हातापर्यंत हुकूम ठरला नसेल आणि दुसऱ्याच हातात बदामाची मेंढी गुलामाखाली गेली असेल, तर चौथ्या हातात बदाम हुकूम झाला म्हणून ती परत येत नाही. संरक्षण मिळतं ते मिळाल्या क्षणापासून. झालेल्या हाताला ते लागू होत नाही.

या साध्या डावात जी गोष्ट दिसते, तीच जगातल्या सगळ्यांत गुंतागुंतीच्या पत्त्यांच्या खेळांचा कणा आहे. पानाला मिळालेलं संरक्षण नियमांच्या एका ठरावीक पायरीवर काम करतं. ती पायरी चुकवून आलेल्या गोष्टीला ते अडवत नाही. टिनाचं छप्पर पावसाला थांबवतं, भिंतीतून चढणाऱ्या ओलीचं त्याला काही करता येत नाही, तसंच हे. ज्याला हे खेळ समजून घ्यायचे आहेत, त्यानं 'हे पान किती मजबूत' असं विचारण्याऐवजी 'हे पान नेमकं कुठं आड येतं' असं विचारावं. अर्धा गोंधळ तिथंच मिटतो.

ऑगस्ट १९९३ मध्ये अमेरिकेत 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ विक्रीला आला आणि ट्रेडिंग कार्ड गेम हा प्रकार सुरू झाला. त्याचा कर्ता रिचर्ड गारफील्ड हा गणितज्ञ. त्याच्या बालपणाचा काही काळ बांगलादेश आणि नेपाळमध्ये गेला होता. 'कॉस्मिक एन्काउंटर' हा १९७७ चा एक जुना खेळ त्याला फार आवडायचा. त्यात प्रत्येक खेळाडूकडे नियम मोडण्याची स्वतःची एक वेगळी ताकद असते. ती कल्पना गारफील्डनं पत्त्यांवर आणली. मॅजिकमध्ये ठरलेली ५२ पानं नसतात. प्रत्येकानं बंद पाकिटं विकत घेऊन, मित्रांशी अदलाबदल करून स्वतःचा संच बांधायचा असतो. पानावर त्या पानाचं वागणं छापलेलं असतं आणि ते वागणं मूळ नियमांना छेद देऊ शकतं. म्हणून या खेळाच्या नियमपुस्तकात अगदी सुरुवातीला, १०१.१ या कलमात, एक सुवर्णनियम आहे: पानावरचा मजकूर आणि पुस्तकातला नियम यांत विरोध आला, तर पान खरं. आज ते पुस्तक अडीचशेहून जास्त पानांचं झालं आहे. त्यातला मोठा भाग, एकमेकांना छेद देणारी हजारो पानं एका टेबलावर भांडणाशिवाय कशी नांदतील, हे ठरवण्यात गेला आहे.

संरक्षण या खेळात पहिल्या दिवसापासून आहे. १९९३ च्या पहिल्याच संचात 'ब्लॅक नाइट' नावाचा एक काळा स्वार होता आणि त्याला पांढऱ्या रंगापासून संरक्षण होतं. त्याच्यासमोर काळ्यापासून सुरक्षित असा 'व्हाइट नाइट' होता. संरक्षण म्हणजे काय, याचं उत्तर मॅजिकनं चार गोष्टींत बांधून टाकलं. पांढऱ्या पानाकडून काळ्या स्वाराला इजा होत नाही. पांढरं पान त्याला चिकटवता येत नाही. पांढऱ्या योद्ध्याला त्याची वाट अडवता येत नाही. आणि पांढऱ्या मंत्राचा नेम त्याच्यावर धरता येत नाही. या चार दारांवर पहारा आहे, पाचव्या दाराचा उल्लेखच नाही.

पाचवं दार त्याच पहिल्या संचात छापलेलं होतं. 'रॅथ ऑफ गॉड' हा पांढरा मंत्र टेबलावरच्या सगळ्या योद्ध्यांचा नाश करतो. नवा खेळाडू निर्धास्त असतो, कारण मंत्र पांढरा आणि आपला स्वार पांढऱ्यापासून सुरक्षित. पण स्वार मरतो. या मंत्राचा नेम कुणावरच नसतो. 'सगळे' म्हटल्यावर एकाला निवडण्याचा प्रश्नच येत नाही. तो इजाही करत नाही, थेट नाश करतो. काही चिकटवत नाही, काही अडवत नाही. चारही पहारेकरी जागेवर उभे असतात आणि मंत्र त्यांच्यापुढून जातच नाही. गेली तीस वर्षं नवशिक्यांचा सर्वांत जास्त संताप याच जोडीवर निघाला असेल, असं मला वाटतं. तरीही निकाल बरोबर आहे. संरक्षणाला आपण मनात 'काहीच होणार नाही' असा अर्थ देतो. पानावर तो अर्थ लिहिलेला नसतो.

या तत्त्वाची कडेलोटाची परीक्षा २००९ मध्ये झाली. 'कॉन्फ्लक्स' या संचात 'प्रोजेनिटस' नावाचं पाच डोक्यांचं प्रचंड सर्प-दैवत आलं. त्याच्यावर छापलं होतं: सगळ्यापासून संरक्षण. रंगाची अट नाही, प्रकाराची नाही. त्याच्यावर नेम धरता येत नाही, त्याला इजा होत नाही, त्याची वाट अडत नाही. आणि तरीही 'रॅथ ऑफ गॉड'पुढं तेही टेबलावर टिकत नाही. 'सगळ्यापासून' या शब्दानं कुणापासून संरक्षण आहे ते वाढलं. कुठल्या प्रकारच्या वागण्यापासून आहे, ते जसंच्या तसं राहिलं, तीच चार दारं. प्रोजेनिटस कचऱ्याच्या ढिगात जात नाही, मालकाच्या गठ्ठ्यात पिसून परत ठेवलं जातं. पण ते त्याच्यावर वेगळ्यानं छापलेल्या दुसऱ्या वाक्यामुळे. संरक्षणाचा त्यात वाटा नाही.

संरक्षण आपला-परका पाहत नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखं. काळ्या स्वाराला बळ देण्यासाठी तुम्ही स्वतःच 'होली स्ट्रेंथ' हे पांढरं पान लावायला गेलात, तर ते लागणार नाही. मदत असो की वार, पहारेकऱ्याला पांढरा रंग दिसतो एवढंच.

प्रोजेनिटसच्या आधीच, २००४ च्या 'डार्कस्टील' संचात, दुसरी वाट चोखाळली गेली होती: पान अविनाशी करायचं. इथं पहारा दारावर नाही, शेवटच्या पायरीवर आहे. नेम धरा, मंत्र टाका, हवी तेवढी इजा करा. पण 'नाश' हा परिणाम घडणारच नाही. 'रॅथ ऑफ गॉड'समोर काळा स्वार पडतो आणि अविनाशी योद्धा उभा राहतो. म्हणून हे संरक्षण वरच्या दर्जाचं म्हणावं का? तसं नाही. पहिल्याच संचातला 'स्वॉर्ड्स टू प्लाउशेअर्स' हा साधा, स्वस्त मंत्र योद्ध्याचा नाश करत नाही, त्याला डावाबाहेर काढतो. अविनाशी योद्धा त्यानं सहज जातो, काळा स्वार मात्र वाचतो, कारण मंत्र पांढरा आणि नेम धरणारा आहे. एकाची जखम ती दुसऱ्याची ढाल. शिवाय योद्ध्याची सहनशक्ती कुठल्याही कारणानं शून्यावर आली, तर नियमच त्याला उचलून कचऱ्यात ठेवतो. ते काम कुठल्या पानानं केलेलं नसतं आणि नियमाच्या भाषेत तो नाशही नसतो. त्यामुळे अविनाशीपणाला तिथं काही म्हणायलाच जागा राहत नाही.

सगळ्यांत हुशार वाट मला १९९७ च्या 'डायबॉलिक इडिक्ट'ची वाटते. हा मंत्र योद्ध्यावर नेम धरतच नाही. तो धरतो प्रतिस्पर्धी खेळाडूवर आणि म्हणतो: तुझा एक योद्धा तू स्वतः बळी दे. समोरच्याकडे एकच योद्धा असेल, तर तो अविनाशी असो, नेमापासून सुरक्षित असो की प्रोजेनिटस असो, मालकालाच तो आपल्या हातानं उचलावा लागतो. सगळे पहारे योद्ध्याभोवती होते, मालकाभोवती कुणीच नव्हतं.

वेळेचा जो मुद्दा कट हुकमात आला, तोही इथं आहे आणि जास्त नाजूक आहे. नेम धरणाऱ्या मंत्राची तपासणी दोनदा होते: टाकताना एकदा, आणि परिणाम घडण्याच्या क्षणी पुन्हा. या दोहोंच्या मधे प्रत्युत्तर देता येतं. समोरच्यानं तुमच्या योद्ध्यावर मंत्र टाकला आणि तुम्ही लगेच त्या योद्ध्याला नेमापासून संरक्षण दिलंत, तर दुसऱ्या तपासणीत नेम बेकायदा ठरतो आणि मंत्र वाया जातो. हेच एक क्षण उशिरा केलं तर उपयोग शून्य. चांगले खेळाडू संरक्षणाचं पान हातात दाबून ठेवतात ते याच फटीसाठी.

जपानी खेळांनीही याच गाठी आपापल्या पद्धतीनं सोडवल्या. पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ १९९६ मध्ये आला. त्यात हल्ल्यानं होणारी इजा आणि पोकेमॉनवर थेट ठेवलेल्या इजेच्या सोंगट्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक सोंगटी म्हणजे १० इजा, म्हणजे मोजताना दोन्ही सारख्याच. पण 'हल्ल्याची इजा रोखा' एवढंच लिहिलेलं पान सोंगट्या ठेवणं रोखत नाही. त्यासाठी 'हल्ल्याचे परिणाम रोखा' असं लिहिलेलं पान लागतं. कोनामीच्या यू-गी-ओहमध्ये सर्वांत कडक संरक्षण असलेल्या राक्षसावर दुसऱ्या पानांचा कुठलाच परिणाम होत नाही. त्यावर तोड ठरतात ते 'लाव्हा गोलेम' आणि पुढं आलेले 'कायजू' जातीचे राक्षस. तुम्ही प्रतिस्पर्ध्याच्या राक्षसाचा बळी देऊन आपला कायजू त्याच्याच बाजूला उतरवता. बळी ही उतरवण्याची किंमत आहे, कुठल्या पानाचा परिणाम नाही. म्हणून 'परिणाम होत नाही' असं म्हणणारा राक्षस निमूट जातो.

आता दोन पानंच एकमेकांविरुद्ध उभी राहिली तर? एक म्हणतं 'करता येईल', दुसरं म्हणतं 'करता येणार नाही'. पान खरं हा सुवर्णनियम इथं कामाचा नाही, कारण दोन्ही पानंच आहेत. मॅजिकच्या १०१.२ कलमाचा निकाल निःसंदिग्ध आहे: मनाई जिंकते. संरक्षणाच्या बऱ्याच वाक्यांची ताकद यातून येते, कारण ती मनाईच्या रूपात लिहिलेली असतात.

नियम आणि अपवाद यांची ही उतरंड आपल्याकडे फार बारकाईनं तपासली गेलेली आहे, पत्त्यांसाठी नाही, पाणिनीच्या व्याकरणासाठी. काशीत राहणारा नागोजीभट्ट हा मराठी घराण्यातला, आडनाव काळे. अठराव्या शतकाच्या सुमाराला त्यानं 'परिभाषेंदुशेखर' लिहिला. पाणिनीची दोन सूत्रं एकाच जागी लागू होत असतील तर कुठलं मानायचं, याचं हे शास्त्र. नंतरचं सूत्र, नित्य सूत्र, अंतरंग सूत्र आणि अपवाद अशी बळाची चढती श्रेणी तो मानतो. अपवाद सर्वांत वर. त्याचबरोबर अपवादाची हद्द जिथं संपते तिथं सामान्य नियम पुन्हा राज्य करतो, हाही त्याच शास्त्राचा भाग. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले प्राध्यापक किलहॉर्न यांनी हा ग्रंथ संपादून इंग्रजीत आणला. प्रोजेनिटसचा निकाल नागोजीभट्टापुढं ठेवला असता तर त्याला तो समजावून सांगावा लागला नसता, अशी माझी खात्री आहे.

पत्त्यांवर चालणाऱ्या सरकारी कायद्यातही हाच सांधा सापडतो. 'पत्त्यांच्या डावावर छापा, कलम १२ अ नुसार गुन्हा' ही बातमी बुलढाण्याच्या वाचकाला नवी नाही. ते कलम महाराष्ट्रात लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचं. लगेच पुढचं १३ वं कलम निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्या कायद्यातून सोडवतं. हैदराबादच्या कायद्यातही अशी सूट होती. सिकंदराबादच्या एका क्लबचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा, १९६७ मध्ये, न्यायालयानं रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं; पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं धरायचं नि कुठलं सोडायचं हे ठरवावं लागतं, हे त्याचं कारण. पण त्याच निकालात एक दार उघडं ठेवलं गेलं. जागेचा मालक पैशाच्या डावातून स्वतःचा नफा काढत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. संरक्षण खेळाच्या स्वरूपाला मिळालं. जागामालकाच्या कमाईला ते आपोआप लागू झालं नाही.

खेळ बांधणाऱ्यांपुढचा प्रश्न मात्र निराळा असतो. निकाल नीट लागला तरी खेळ रंगला पाहिजे. मॅजिकमध्ये आधी असं संरक्षण होतं की पानावर कुणालाच नेम धरता येत नसे, मालकालाही नाही. २०११ मध्ये त्याच्या जागी नवं रूप रूढ झालं: नेम फक्त प्रतिस्पर्ध्याला धरता येणार नाही, मालकाला येईल. त्याच वर्षी 'इनव्हिजिबल स्टॉकर' हा इवलासा योद्धा आला. त्याची वाट अडवता येत नाही आणि शत्रूला त्याच्यावर नेमही धरता येत नाही. लोकांनी त्याच्यावर तलवारी आणि मंत्र लादून त्याला राक्षस बनवलं, आणि समोरचा माणूस हात बांधून मार खात बसला. मला वाटतं, संरक्षणाचा खरा दोष हा. त्यानं समोरच्याचा विचार करण्याचा हक्क काढून घेतला की डाव दोघांचा राहत नाही. २०२१ च्या 'स्ट्रिक्सहेवन' संचापासून 'वॉर्ड' नावाचं सौम्य रूप आलं. त्यात नेम धरता येतो, पण जास्तीची किंमत मोजावी लागते. ती मोजली नाही तर मंत्र फुकट जातो. हा बदल मला मनापासून पटतो, कारण त्यात निर्णय पुन्हा दोन्ही बाजूंना मिळतो.

राहता राहिलं सर्वांत टोकाचं संरक्षण, खुद्द खेळाडूचं. २००३ च्या 'मिरोडिन' संचातलं 'प्लॅटिनम एंजल' हे पान टेबलावर आहे तोवर तुम्ही हरू शकत नाही आणि प्रतिस्पर्धी जिंकू शकत नाही. आयुष्याचे गुण शून्याखाली गेले, गठ्ठा संपला, तरी डाव चालूच. यात मनाई आहे, म्हणजे १०१.२ नुसार ती जिंकायला हवी. हे पानावरच छापलेलं आहे, म्हणजे १०१.१ नुसार ते नियमपुस्तकाच्या वर जायला हवं. दोन्ही खरं आहे, आणि तरीही समोर हे पान असताना त्याचा मालक 'मी हरलो' असं म्हणून पत्ते गोळा करू शकतो. सुवर्णनियमाच्या कलमातच त्याचा एकमेव अपवाद लिहून ठेवला आहे: कुठलाही खेळाडू कुठल्याही क्षणी हार मानू शकतो, आणि तो हक्क कुठलंही पान काढून घेऊ शकत नाही.